पांढऱ्यावर पांढरं

आयुष्यात मी एकच डोकं फोडलं. ते सव्वाशे किलोच्या पैलवानाचं होतं, फोडलं ताकाच्या पितळी तांब्यानं, आणि कारण काय, तर मोबाइलवर शोधलं की आमची तालीम वर दिसावी. आज मी बहात्तर वर्षांची आहे. तांबा मारला याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याआधी चार महिने त्या बासष्ट वर्षांच्या दीडशहाण्या बाईनं, म्हणजे मीच, जे काही लिहून ठेवलं होतं, त्यासाठी मात्र तिला आज कान धरून हौद्यात लोळवावं असं वाटतं.

हौदा म्हणजे आमच्या तालमीतला कुस्तीचा खड्डा. लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर. सांगली जिल्ह्याच्या कडेला आमचं गाव, नदी ओलांडली की सातारा जिल्हा. तालीम माझ्या नवऱ्याची. त्याचा गुडघा मोडलेला, म्हणून तो कट्ट्यावर बसून शिकवायचा आणि मुलगा मातीत उतरायचा. एकेकाळी तीस-तीस पोरं पहाटे जोर मारायची, घराच्या भिंती दणाणायच्या. निवृत्तीनंतर मी बासष्टीला आले तेव्हा चार उरली होती, त्यातला एक तर फक्त दुधाच्या खुराकासाठी टिकून होता. मुलानं स्पष्ट सांगितलं. दसऱ्यापर्यंत दहा पोरं झाली नाहीत तर हौद्यातली माती उपसून रानात टाकणार आणि त्या जागी पत्र्याचं गोदाम उभं करणार. नवऱ्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मला कळलं की गोदाम त्याच्या छातीवर उभं राहणार आहे.

तालुक्याच्या कचेरीत मी तीस वर्षं टाइपरायटर बडवला होता, नंतर कॉम्प्युटर. मला वाटलं, यंत्राला बडवायचं कसं ते आपल्याला ठाऊक आहे. मोबाइलवर एक तरुण भरभर बोलत शिकवायचा: पानावर कीवर्ड हवेत, लोक जे शब्द टाकून शोधतात तेच शब्द शीर्षकात हवेत, पहिल्या ओळीत हवेत, मधेमधे पेरलेले हवेत. मी पेरले नाहीत, ठासले. माझ्या पहिल्या पानावरचं एक वाक्य अजून पाठ आहे: 'सांगलीतील कुस्ती तालीम शोधताय, तर सांगलीतील कुस्ती शिकवणारी ही कुस्ती तालीम सांगलीतील कुस्तीसाठी उत्तम कुस्ती तालीम आहे.' हे मी नवऱ्याला कौतुकानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, लिहिणाऱ्याच्या डोक्यावर पडलंय का काही.

एवढं ठासूनही आम्ही शोधाच्या पाचव्या पानावर. सगळ्यांत वर कोण, तर पलीकडचे.

पलीकडचे म्हणजे नदीपलीकडची तालीम. तिचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा एका जत्रेच्या मैदानात तिथल्या पैलवानाशी माझ्या नवऱ्याची जोड लागली. त्या पैलवानानं पट काढला, म्हणजे खाली घुसून पाय उपसला, आणि उपसता उपसता पिळला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला असं सांगतात. मी तिथं नव्हते, बायका मैदानात जात नसत. नवऱ्याला जीपमधून आणून सोप्यात ठेवला तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच बघत होता. सासूनं त्या दिवशी ताकीद दिली की त्या माणसाचं आणि त्या तालमीचं नाव या उंबऱ्याच्या आत निघता कामा नये. सासू गेली, तरी ताकीद उरली. तोच माणूस पुढं तिथला मोठा वस्ताद झाला.

त्या मोबाइलवरच्या तरुणानं एक चोरवाट सांगितली होती, वर हेही सांगितलं होतं की असं करू नका. माझ्या कानात पहिला अर्धाच भाग शिरला. पान पांढरं असतं, त्यावर पांढऱ्याच अक्षरांत लिहायचं. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं. दुपारी घर रिकामं बघून मी पानाच्या तळाशी पलीकडच्या तालमीचं नाव आणि त्या वस्तादाचं बापासकट पूर्ण नाव टाइप केलं. एकदा केल्यावर बोटांना चव लागली. एकेका नावाला मी टाइपरायटरच्या जमान्यातल्यासारखं बटण आपटत होते, जणू त्याच्या गुडघ्यावरच. चाळीस वेळा लिहिलं. मग सगळं पांढरं केलं आणि कपाळावर पदर ओढून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं भाकऱ्या थापायला गेले. ती बाई स्वतःला समजावत होती की आपण नाव घेतलं कुठं, नुसतं टाइप केलं.

कुस्तीत मात्र रीत वेगळी आहे. ज्या वस्तादाचं नाव घ्यायचं त्याच्या हौद्यातली माती आधी कपाळाला लावायची. त्याशिवाय नाव घेतलं तर ती चोरी, आणि या चोरीला आमच्याकडे पोलीस बोलवत नाहीत.

दीड महिन्यात चमत्कार झाला. पलीकडच्यांचं नाव टाकून कुणी शोधलं की पहिले ते आणि त्यांच्या पायाशी लगेच आम्ही. तीन पोरं आली. माण भागातून मेंढरं मागं टाकून एक बाप आपल्या पोराला घेऊन आला आणि त्यानं मला अदबीनं विचारलं, मोठे वस्ताद इथं कोणत्या वारी येतात. मी म्हणाले, येतील. आता आठवलं की माझीच जीभ चावावीशी वाटते. सात पोरं झाली होती, तीनच कमी होती, आणि मी त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले.

तो बाप वाट बघून कंटाळला आणि एक दिवस सरळ नदी ओलांडून मोठ्या वस्तादाच्या पाया पडायला गेला. तिथं त्याला कळलं की या वस्तादांची दुसरी तालीमच नाही. वस्तादाची नात कॉलेजात शिकत होती. तिनं आमचं पान उघडलं, फोन नंबर उतरवून घ्यायला सगळ्या पानावरून बोट ओढलं, आणि तळाशी निवडीच्या निळ्या पट्ट्यावर तिच्या आज्याचं नाव चाळीस वेळा उमटलं.

मंगळवारी सकाळी दोन जीपगाड्या आल्या. अकरा पैलवान उतरले. कुणी शिवी दिली नाही, कुणी काही विचारलं नाही, त्यामुळंच मी जास्त घाबरले. पहिल्यानं दाराची फळी लाथेनं बिजागरीतून उखडली. मुलगा हौद्यात होता. तिघे त्याच्यावर एकदम पडले, एकानं मानेवर गुडघा दिला आणि त्याचं तोंड मातीत दाबलं. नाकातून रक्त आलं आणि हळदीच्या मातीत काळं पडत गेलं. आमची सात पोरं भिडली. एकाचा कान तिथंच फाटला, एकाचा खांदा निखळून काखेत लोंबू लागला. माणच्या पोरानं एका धिप्पाड गड्याच्या मांडीला दात मारले ते सुटेचनात. तेलाचा डबा कलंडला, सगळे घसरून एकमेकांवर आदळत होते, डोकं कुणाचं आणि कोपर कुणाचं हे कळत नव्हतं. नवऱ्याला कट्ट्यावरून पटकन उठता येत नव्हतं. जवळ आलेल्या एकाचा त्यानं अंगठा पकडला आणि उलटा पिळला, तसा तो पोरगा ढोपरांवर बसला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मला कित्येक वर्षांनी आनंद दिसला, हे इथं लिहायला हरकत नाही.

एक सव्वाशे किलोचा मुलाच्या पाठीवर बसून त्याचा हात मागं ओढत होता. मुलाचं ओरडणं थांबलं आणि नुसता घशातला घरघर आवाज येऊ लागला. माझ्या हातात ताकाचा भरला तांबा होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्या टकलावर घातला. ताक आणि रक्त एकदम त्याच्या डोळ्यांत गेलं. तो बसल्या जागी कलला आणि अतिशय शांतपणे म्हणाला, "आवं काकी, लागलं की."

तेव्हा जीपमधून मोठे वस्ताद उतरले. पांढरा फेटा, दोन्ही कान मोडून कंदासारखे झालेले, हातात काठी. त्यांनी काठी एकदा आपटली आणि अकराही जण सुटे झाले. चाळीस वर्षांत ते आमच्या उंबऱ्यात कधी आले नव्हते. नवऱ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. मला म्हणाले, कॉम्प्युटर कुठाय तो दाखवा.

मी सोप्यातला कॉम्प्युटर लावला. काय करायचं ते नातीनं त्यांना शिकवून पाठवलं होतं. त्यांनी माझ्याकडून माउस तळापर्यंत ओढवून घेतला. निळा पट्टा उठला, नावं उठली. मागं नवरा भिंत धरत लंगडत आला होता. त्यानं पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, ओठ हलवत खालपर्यंत वाचत गेला. मग वळला. मला वाटलं आता माझ्यावर येतो. त्यानं कोपऱ्यातला मुदगल उचलला, तोच लाकडी मुदगल जो तो गुडघा गेल्यावरही बसून फिरवायचा, आणि कॉम्प्युटरवर घातला. काच माझ्या पायांवर आली. दुसरा घाव टेबलावर, टेबल दुभंगलं. तिसरा त्याला उचलता आला नाही. मुदगल सोडून तो खाली बसला आणि धापा टाकू लागला.

वस्ताद मला म्हणाले, "वैनी, पांढऱ्यात का लिवलं?"

मी खरं सांगितलं. दिसू नये म्हणून.

"चोरून नाव घ्यायला मी काय तुमचा यार हाय?"

दारातले पैलवान रक्ताच्या तोंडानं हसले. पण वस्तादांचं बोलून झालं नव्हतं. त्यांनी काठीनं नवऱ्याकडे खूण केली. "नातीनं आधी ह्याचं नाव टाकून हुडकलं. काय बी आलं न्हाई. तुमच्या पानावर ह्याचं नाव कुठं हाय?"

नव्हतंच. सगळ्या पानावर मी 'आमचे वस्ताद' लिहिलं होतं. 'आमच्या वस्तादांची तालीम', 'आमच्या वस्तादांचे डाव'. कचेरीत सगळ्या तालुक्याची नावं टाइप करणारी, इतर बायकांना जुन्या रीतींवर व्याख्यान झोडणारी मी, नवऱ्याचं नाव एकदाही टाइप केलं नव्हतं. बोटांनी आपोआप टाळलं होतं. जुनी माणसं या भागात आमची तालीम ओळखतात ती फक्त त्याच्या नावानं. लोक ज्या एका शब्दानं आम्हाला शोधणार, तो शब्द सोडून मी जगभरचं सगळं लिहिलं होतं.

"मी त्याचा गुडघा मोडला," वस्ताद म्हणाले. "नाव न्हाई मोडलं. ते तुमी मोडलं."

मग नवरा जमिनीवर बसूनच, वर न बघता म्हणाला, "पट चांगला काढला हुतास गड्या."

"तू पाय मागं टाकायला उशीर केलास," वस्ताद म्हणाले.

मुलाचा हात निखळला होता, तो वस्तादांनीच बसवला, मुलगा किंचाळला आणि हात जागेवर बसला. आमच्या पोराचा निखळलेला खांदाही बसवला. सव्वाशे किलोच्याच्या डोक्याला मी पाच टाके घालून आणले, म्हणजे डॉक्टरकडे नेलं. मग सगळ्यांनी राहिलेलं ताक प्यायलं. वस्तादांनी जाताना हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली. मी ते बघितलं, आणि नवरा बघतोय हेही बघितलं.

नंतरचं काही सोपं गेलं नाही. त्या पांढऱ्या अक्षरांबद्दल शोधयंत्रानं आमचं पान यादीतून उचलून फेकून दिलं. पाचव्या पानावरही नाही, कुठंच नाही. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मी सगळं नव्यानं लिहायला बसले. शीर्षकात नवऱ्याचं नाव टाकायचं होतं. पहिलं अक्षर टाइप केलं आणि बोट उचललं. सासू मागं उभी असल्यासारखं वाटलं. तीन दिवस लागले मला ते नाव लिहायला, मग लिहिलं, मोठ्या काळ्या अक्षरांत. त्याखाली नवऱ्यानं सांगितलेलं लिहिलं, त्यानं सांगितलं तसंच: पलीकडच्या वस्तादानं, आणि इथं त्यांचं नाव काळ्यात एकदाच, पट काढून आपला गुडघा कसा मोडला. पाय कधी मागं टाकायला हवा होता. समोरच्याची मान कशी दाबायची म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. हाड मोडायच्या आधी सांधा कसा आवाज देतो. चाळीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं तो बोलत राहिला आणि मी बडवत राहिले. कीवर्ड एकही ठासला नाही. पट कसा तोडायचा, म्हणजे उलटवायचा, हेच शब्द टाकून पोरं शोधतात, हे मला फार नंतर कळलं.

दसऱ्याला पान अजून गायबच होतं. माणचा बाप पोराला परत न्यायला आला होता, पण पोरगं हलेना, म्हणून राहिलं. पलीकडच्या वस्तादांनी आपली दोन पोरं पाठवली होती, पट तोडायला शिकून या म्हणून. नऊ झाली. मुलगा फावडं घेऊन हौद्यापाशी उभा होता. नवरा कट्ट्यावर, मी दारात. तेवढ्यात सव्वाशे किलोचा आला. टाके कधीच निघाले होते, तरी तो दर आठवड्याला डोकं दाखवायला म्हणून येत होता आणि ताक पिऊन जात होता. त्या दिवशी त्यानं शर्ट काढला, लंगोट कसला आणि मुलाच्या हातातलं फावडं घेऊन माती उकरायला लागला, कुस्तीसाठी उकरतात तशी. मुलानं पोरं मोजली, दहा भरली.

पान परत आलं ते पुढच्या पावसाळ्यानंतर. आता नवऱ्याचं नाव टाकलं की सगळ्यांत वर आम्हीच. तो रोज सकाळी मला विचारतो, हाय का गं. मी मोबाइल पुढं करते. त्याला डोळ्यांनी दिसत नाही आताशा, म्हणून म्हणतो, वाचून दाखव. मी सगळं वाचते. गुडघा, पट, मान, सांधा, सगळं खणखणीत. शीर्षकापाशी आले की त्याचं बोट धरून त्या काळ्या अक्षरांवर टेकवते.

वाच की, म्हणतो.

लिहिलं तेवढं पुरे. तोंडानं नाव घेण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.