नव्या चुलीचं तोंड

"ए, तुम्ही मागच्या बाजूला जा. साहेबांना तांदळाच्या भाकरी हव्यात."

बोईसरच्या शाळेच्या दारातच कारकुनाने आम्हा तिघींना असं पिटाळलं. वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावरून आम्ही पहाटे निघालो होतो. भाकरी भाजायला नाही. सरकार कमी लाकडाची, बिनधुराची चूल देणार होतं आणि ती कशी हवी हे बायकांनाच विचारणार होतं. तसा निरोप होता. चार दिवस मी बोलणं मनात घोळवत होते.

नमुन्याची चूल आमच्याच घरात बसवली होती. धूर पाइपातून बाहेर जायचा. सासूचा खोकला कमी झाला होता. मला ती चूल हवीच होती. पण तिचं तोंड एवढंसं. आम्ही रानातली लांब वाळकी फांदी तीन दगडांत घालतो, जळेल तशी पुढे सारतो, काम झालं की ओढून विझवतो. काडी वाया जात नाही. या चुलीला फांदी वीत वीत तोडून द्यायची. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आल्यावर कुऱ्हाड कोण चालवणार? तोंड रुंद करा, एवढंच सांगायचं होतं.

शाळेमागे तीन दगड मांडले. आत साहेबांची बैठक भरली होती, पंखे फिरत होते. आत कोणीतरी सांगत होतं, पाड्यावरच्या बायका लाकूड फार जाळतात.

"धुरानं पानी येतं डोल्यांतून," शेजारची काकी म्हणाली. धुरानं नव्हतं येत. तिलाही ठाऊक होतं.

जेवणं उरकल्यावर कारकून कागद आणि स्टॅम्पपॅड घेऊन आला. काही न विचारता त्याने माझा पिठाने भरलेला अंगठा धरला.

"सोडा. माला वाचता येतं."

चौथी शिकलेली आहे मी. वाचलं. 'उपस्थित महिलांशी सविस्तर चर्चा झाली. चूल आहे तशीच सर्वांना पसंत.'

"आमाला कदी विचारलं?"

"जास्त बोलू नको. अंगठा लाव, नाहीतर चुलींच्या यादीतून तुमच्या पाड्याचं नाव कापलं जाईल."

"लाव गो," काकी म्हणाली. "सासू खोकते तुजी."

लावावा असं वाटलं. खरंच वाटलं. फार दमले होते. पण त्या कागदावर मी आत बसले होते, बोलले होते, हसून मान डोलावली होती. ती बाई मी नव्हते. तिचा मला राग आला.

मी पेन मागितलं. सही करते आहे असं समजून त्याने दिलं. मी खाली लिहिलं, 'आम्हाला विचारलं नाही. आम्ही बाहेर भाकरी भाजत होतो.' मग सही केली.

पाड्याचं नाव गेलं. आमच्या चुलीचा पाइपही काढून नेला. सासू पुन्हा खोकू लागली. ज्या पाड्यांना चुली मिळाल्या, तिथे त्या लहान तोंडापायी पडून राहिल्या; वर्षभरात त्यांत कोंबड्या अंड्यांवर बसल्या. मला त्याचा आनंद झाला नाही.

सासू खोकली की मी स्वतःला विचारते, चुकलं का? नाही चुकलं.

पुन्हा बोलावणं आलं तर जाईन. खुर्चीवर बसेन. आधी माझं बोलणं कागदावर येईल, मग सही. आणि पीठ त्यांनी मळावं.