फाटकाच्या चढावरचा दोर

मी तापट आहे हे साऱ्या लालबागाला ठाऊक होतं, आणि मला ते कधी लपवावंसंही वाटलं नाही. त्या तापटपणातून आयुष्यात एक काम असं उभं राहिलं की ते आठवलं की आजही मान ताठ होते. म्हणून ते लिहून ठेवते.

ही प्लेगच्या साथीच्या आधीची गोष्ट. तेव्हा ट्रामला घोडे जुंपत आणि आमच्या बाजूच्या गिरण्यांचा कापूस कुलाब्याहून बैलगाड्यांतून येई. करी रोडच्या रेल्वे फाटकाला लागूनच आमची चाळ होती. तळमजल्यावर माझी खाणावळ. गावाकडून एकटे आलेले गिरणीतले गडी आमच्याकडे जेवायचे. नवरा गिरणीच्या साचेखात्यात कामाला, म्हणजे दिवस उजाडायच्या आत घराबाहेर. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. घरात दिवसभर मी आणि सासरे.

सासरे कोकणात तांडेल होते, होडीवरचे मुख्य. त्यांनी हाक दिली की किनाऱ्यावरची सगळी माणसं दोराला हात घालायची, असं माझा नवरा सांगे. मासळी मिळेनाशी झाली, होडी विकावी लागली, आणि ते मुलाकडे मुंबईला आले. येताना होडीचं सुकाणू तेवढं खांद्यावर टाकून आणलं होतं. ते खोलीच्या कोपऱ्यात उभं असे. ते स्वतः ओट्यावर बसून जाळं विणत. त्या जाळ्याला गिऱ्हाईक नव्हतं आणि विणणाऱ्याला दुसरं काम नव्हतं.

सुनेने सासऱ्यांशी तोंड वर करून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण एका घरात राहून न बोलता कसं भागणार? म्हणून मी भांड्यांशी बोलायची. ‘भात झाला हो,’ असं तपेल्याला सांगितलं की सासरे हात धुवायला उठायचे. त्यांना काही हवं असलं की ते भिंतीला सांगायचे. चाळीतल्या बाया हसायच्या, पण त्यांच्याही घरी तीच तऱ्हा होती.

फाटकाचे रूळ रस्त्याहून बरेच उंच होते. त्यामुळे आमच्या दारासमोरच एक चढ होता, आखूड पण चांगलाच उभा. कापसाच्या गाठींनी भरलेली गाडी तिथे आली की हटकून अडायची. मग फाटकवाला वरून ओरडायचा, गाडीवान चाबूक काढायचा, आणि चाबकानेही भागलं नाही की बैलाची शेपटी पिरगाळायचा. शेपटीची हाडं मोडलेले बैल मी त्या चढावर इतके पाहिले की पुढे पुढे मला बैल दिसला की आधी शेपटीकडे बघायची सवय लागली. मी इकडे भाकरी थापत असायची आणि दारात ते चाललेलं असायचं. माझे जेवणारे खाली मान घालून जेवायचे.

एका दुपारी मला ते असह्य झालं. मी हातातल्या पळीसकट बाहेर गेले आणि शेपटी पिरगाळणाऱ्या गाडीवानाला भर रस्त्यात झापलं. तो साताऱ्याकडचा माणूस, माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, मला काय हौस हाय व्हय?” तो म्हणाला. “वर रुळावर आगगाडी यायची येळ झालीया. गाडी चढली न्हाई तर मी काय करू? ढकलायला तुम्ही येताय?”

त्याचं म्हणणं खरं होतं आणि त्याचाच जास्त राग आला. घरात येऊन मी तो सगळा राग तपेल्यावर काढला. “म्हणे इथे होड्या ओढणारी माणसं राहतात,” मी तपेल्याला म्हटलं. “आयुष्यभर होड्या ओढल्या म्हणे. दारातली एक गाडी चढवता येत नाही कुणाला.”

ओट्यावरचं जाळं विणणं थांबलं. सासरे भिंतीला म्हणाले, “दोर व्हयो.”

दोर आणला प्रभादेवीच्या कोळणीने. ती रोज मासळीची पाटी घेऊन आमच्याकडे यायची. सासऱ्यांचं आणि तिचं समुद्रावरून बोलणं चालायचं, ती त्यांच्या नात्यात बसत नव्हती म्हणून. तिच्या घरी जुन्या होडीचा काथ्याचा दोर पडून होता. दुसऱ्या दिवशी पाटीवर वेटोळं करून तो घेऊन आली आणि मला म्हणाली, “घे गो बाय. माझ्या घरात नुसता जागा अडवून बसलाय.”

दुपारी जेवणाची भांडी घासून झाली की चाळीतल्या बाया मोकळ्या असत. बाप्ये गिरणीत. तेव्हा दोराला आम्ही बायाच, आणि घरी बसलेले दोन-चार म्हातारे. नेमका तोच सातारकर गाडीवान आला. आम्हांला बघून हसला, पण नाही म्हणाला नाही. सासऱ्यांनी दोर दुहेरी करून गाडीच्या पुढच्या आडव्या लाकडाला बांधला आणि दोन्ही टोकं बैलांच्या दोन बाजूंनी पुढे आणून आमच्या हातात दिली. मग त्यांनी हाक दिली.

तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. घरात भिंतीशी पुटपुटणारा म्हातारा रस्त्यात उभा राहून अशी हाक देऊ लागला की वरच्या मजल्यांवरची माणसं कठड्याला आली. ते एक ओळ म्हणत, आम्ही “हैसा” म्हणून दोर खेचायचा. आम्ही सगळ्या किनाऱ्यावरच्या लेकी. ती हाक आम्हांला शिकवावी लागली नाही. गाडी हलली. चढाला लागली. मला इतका आनंद झाला की मी डोक्यावरच्या पदराचं भान विसरले.

आणि मग आम्ही ती चूक केली. समुद्रावरची माणसंच करतील अशी ती चूक होती. होडी ओढताना दोन-चार हिसके दिले की तांडेल आवाज खाली आणतो आणि सगळे एकदम दोर सैल सोडतात. श्वास घेतात, पाय रोवतात, मग पुन्हा ओढतात. होडी तोवर वाळूत जिथल्या तिथे रुतून असते. सासऱ्यांनी सवयीने आवाज खाली आणला आणि आम्ही सवयीने दोर सोडला. गाडी वाळूत नव्हती आणि तिला चाकं होती. ती मागे घसरली, सगळा भार बैलांच्या मानेवर आला, आणि डाव्या बैलाचा मागचा पाय निसटून तो पुढच्या गुडघ्यावर कोसळला.

फाटकवाल्याने आणि दोन वाटसरूंनी धावत येऊन चाकामागे दगड घातले म्हणून गाडी थांबली. बैल सोडवला, तर त्याला पुढचा उजवा पाय टेकवता येईना. बघता बघता गुडघा सुजला. गाडीवान त्याच्याशेजारी रस्त्यातच बसला आणि त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. तोवर मी ज्याला कसाई समजत होते तो हा माणूस.

“तुम्ही वाईट केलं असं मी म्हननार न्हाई,” तो म्हणाला. “चांगलंच कराया आला व्हता. पन ह्यो उभा ऱ्हायला न्हाई तर खाटकाला द्यावा लागल. बसून खानारा बैल मला परवडत न्हाई, आन एका बैलावर गाडी चालत न्हाई.”

सासरे पुढे आले. ते म्हणाले, “ह्यो हंयच रवांदे. चूक माजी. होडी वाळूत थांबता. गाडी थांबणा नाय. ह्यां माका कळाक व्हया होता.”

असा तो बैल आमच्या चाळीच्या अंगणात आला. सगळे त्याला ‘डावा’ म्हणू लागले. गाडीवानाने गाववाल्याचा बैल तात्पुरता मागून आणला आणि तो रोज दिवस मावळताना डाव्यासाठी कडब्याची पेंढी घेऊन येऊ लागला. उरलेलं आम्ही बघितलं. खाणावळीतलं तांदळाचं धुवण, भाजीची देठं, भाताची पेज, सगळं डाव्याला. मी कुळीथ भिजवून घालायची. जेवणारे कुरकुरले. एक जण म्हणाला की आमच्या पेजेत आता बैलाचा वाटा. मी त्याला म्हटलं, “तू तुझ्या गुडघ्यावर पड, तुलाही घालीन.” त्यानंतर तोच गडी गिरणीतून येताना डाव्याखाली अंथरायला गोणपाट घेऊन आला.

सासरे सकाळ-संध्याकाळ बैलाच्या पायाशी बसत. कोकणातून आलेलं उंडीचं तेल कोमट करून गुडघ्याला चोळत, वर हळदीचा लेप लावून फडकं बांधत. त्यांचं जाळं आता खुंटीवरच होतं. पण त्यांचा हाकेचा आवाज गेला तो गेलाच. चाळीतल्या एका रिकामटेकड्याने विचारलं, “काय तांडेल, पुढची होडी कधी?” आणि दोघे-तिघे हसले. मी दारात उभी राहून त्या हसणाऱ्यांना असं काही झापलं की नंतर महिनाभर तो माणूस आमच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूने जाई. पण सासऱ्यांना लागायचं ते लागलं होतं. बाया त्यांना म्हणत, चढावर गाड्या अडतायत, दोर काढू या. ते मानेनेच नाही म्हणत.

आणि एक दिवस मी पाणी भरून आले तर ते अंगणात करवत घेऊन बसले होते. कोपऱ्यातलं सुकाणू त्यांनी कापायला घेतलं होतं. मला रडूच आलं. काय करताय म्हणून विचारायला मी तपेलं शोधत होते, तेवढ्यात तेच भिंतीला म्हणाले, “चाकामागे घालूक व्हया.” सुकाणूच्या जाड बाजूचे तुकडे एकावर एक ठोकून, एका अंगाला उतरता असा ओंडका त्यांनी केला, त्याला धरायला लांब दांडा बसवला. दोर सैल सोडायच्या वेळी हा ओंडका चाकामागे सरकवला की गाडी घसरणार नाही. हिशेब अगदी सरळ होता.

डावा हळूहळू पाय टेकवू लागला. मग अंगणात चालू लागला. गाडीवान आधी रिकामी गाडी जुंपून त्याला लालबागात फिरवून आणी. शेवटी तो म्हणाला, उद्या गाठी भरून येतो. हा चढ डावा चढला तर माझा, न्हाई तर खाटकाचा. तो हे कठोरपणे बोलला नाही. त्याच्याकडे दुसरा मार्ग नव्हता आणि ते आम्हांला सगळ्यांनाच कळत होतं.

दुसऱ्या दुपारी तो आला. चाळीतली एकही बाई घरात राहिली नाही. कोळीण पाटी रिकामी करून मुद्दाम थांबली होती. दोर बांधला, आम्ही टोकं धरली. सासरे ओंडका घेऊन गाडीच्या मागे चाकाशी जाऊन उभे राहिले. ती सगळ्यांत धोक्याची जागा. गाडी घसरली असती तर आधी त्यांच्यावर आली असती. गाडीवानाने चाबूक गाडीत टाकून दिला आणि डाव्याच्या कानाशी काहीतरी बोलला.

आता हाक हवी होती. आम्ही वाट बघत राहिलो. सासऱ्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी मागे वळून पाहिलं. ते ओंडका छातीशी धरून उभे होते आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते. वरून फाटकवाला ओरडू लागला. डाव्याचा पाय चढावर थरथरायला लागला होता.

हाक द्या म्हणून सांगायला रस्त्यात तपेलं नव्हतं, आणि असतं तरी त्याचा उपयोग नव्हता. मी पदर कमरेला खोचला आणि हाक मीच दिली. सासऱ्यांच्या तोंडची, त्यांच्याच चालीवरची, जमेल तेवढ्या मोठ्याने.

क्षणभर कुणी ‘हैसा’ म्हटलं नाही. सून भर रस्त्यात, सासऱ्यांच्या देखत, तांडेलाची हाक देते आहे हे बायांना पचायलाच वेळ लागला. मग गाडीच्या मागून एकच आवाज आला, मोठा आणि स्वच्छ. “हैसा.” तो सासऱ्यांचा होता. त्यावर सगळ्या जणी म्हणाल्या आणि दोर ताठ झाला.

मी हाक देत होते, ते मागून ओ देत होते. मी आवाज खाली आणला की मागे ओंडका चाकाला लागल्याचा आवाज येई, आम्ही श्वास घ्यायचो, बैलांनाही श्वास मिळायचा. डावा एकदा अडखळला आणि सावरला. मग गाडी रुळांवर गेली, रूळ ओलांडून पलीकडे गेली. गाडीवान तिथे थांबला, बैलांच्या तोंडावरून हात फिरवला, आणि आम्हां सगळ्यांना हात जोडले.

पुढे कित्येक वर्षं तो दोर आमच्या दारात टांगलेला होता. झिजला की कोळीण दुसरा आणायची. चढाच्या पायथ्याशी आम्ही एक दगडी डोणी बसवली, तिच्यात खाणावळीचं धुवण आणि पाणी भरलेलं असे, आणि गाडीवान आपण होऊन तिथे थांबत. नियम माझा एकच होता. ज्याने शेपटीला हात लावला त्याला दोर मिळणार नाही. एक-दोघांनी माझ्याशी हुज्जत घातली, मग नाही घातली. बाकीच्या मुंबईत काय चालत होतं ते माझ्या हातात नव्हतं, पण आमच्या चढावर बैलाची शेपटी मोडायची थांबली. ते आम्ही थांबवलं, चाळीतल्या बायांनी आणि घरी बसलेल्या म्हाताऱ्यांनी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

आणि घरातही एक गोष्ट बदलली. त्या दिवशी चढावरून परत आल्यावर मी नेहमीसारखी भांडी घासायला बसले. सासरे ओट्यावर गेले नाहीत. ओंडका हातात घेऊन तसेच दारात उभे राहिले. चढाच्या पायथ्याकडून दुसऱ्या गाडीच्या चाकांचा आवाज येत होता. ते भिंतीकडे वळले नाहीत. माझ्याकडे बघून, मला ऐकू येईल असं म्हणाले, “चल गो तांडेल. गाडी इली.”