त्रास सांगायचं काम तिचं होतं

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शेळीची खुरं तासायचं. तिनं शेळी दाबून धरली होती, मी विळा चालवत होतो. मधेच माझ्या अंगातनं वाफ उठली, सदरा घामानं भिजला. ती हसली. "आवं, आमी चाळिशीत भोगलं त्ये तुमी म्हातारपणी भोगा. कळला का आता बाईचा जल्म?"

वाफा इंजेक्शनच्या, पुरुषी हार्मोन बंद करणाऱ्या. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, आसपास पसरलेला, पण हाडात गेला नाही. सांगलीच्या दवाखान्यात माझ्यासारख्यांवर चाचणी चालू आहे. काहींना इंजेक्शन आणि लाइट, म्हणजे रेडिएशन, काहींना त्यासंगं गोळ्याही. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवतो. मला तिन्ही आली. सगळं एकत्र दिल्यावर जास्त गुण येतो का, हे डॉक्टरांनाच अजून ठाऊक नाही. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं, म्हणून मी तयार झालो.

दर तारखेला ती बरोबर यायची. डॉक्टरीणबाईंनी त्रास विचारला की मी म्हणायचो, काय न्हाई. मग ती मागनं सगळं काढायची. लघवीला किती उठतो, पाय कसे सुजतात, चिडतो किती. बाई म्हणायच्या, "आजोबा, बरं आहे म्हणून आमचं भागत नाही. त्रास कळला तरच गोळ्यांचं खरंखोटं कळेल."

त्या दिवशी खुरं झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. मूलबाळ नाही. अग्नी मीच दिला.

दुसऱ्या दिवशी तारीख होती. गोळ्या संपल्या होत्या, आणि रक्त बघितल्याशिवाय नव्या देत नाहीत. सकाळीच भाऊ दारात आडवा आला. "अग्नी देणाऱ्यानं दहाव्यापतूर शीव वलांडायची न्हाई. लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी म्हण, लघवी तुंबल्यावर बोलायला या."

खरं सांगायचं तर जगायची हौस उरली नव्हती. पण तिनं मला ओढत इथवर आणलं होतं. मधेच सोडवेना. एसटीत बसलो.

बाईंनी माझ्या मागं बघितलं. "आजी नाही आल्या?"

"काल गेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आपण पुन्हा कधीतरी करू, म्हणाल्या.

"न्हाई, इचारा. वाफा हायत. पाय सुजत्यात. रात्री लय उठतो. काल झोप लागली न्हाई, अन्न उतरंना. पर ह्ये कालचं गोळ्यांवर घालू नका."

मग बाही वर सरकवली आणि रक्ताला हात पुढं केला.