ऐकू न येणारी सीडी

ज्या दुकानात बसायला बाकडं असतं, तिथं किस्से आपोआप साचतात. बाकडं हलवा, खालून दोन निघतात! आमच्या तिरोड्याच्या स्टुडिओत तर बाकडं चांगलं लांबलचक होतं. स्टुडिओ म्हणजे काय हो, एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक कॉम्प्युटर आणि एक माइक. कॉम्प्युटरवर मालक, म्हणजे माझा दोस्त भोजराज. माइकवर मी.

सीडीचा जमाना होता. भोजराज नागपूरहून एक सॉफ्टवेअर घेऊन आला. मनातली इच्छा माइकवर बोलायची, सॉफ्टवेअर ती गाण्याखाली इतकी बारीक करून दडवणार, की कानाला कळणार नाही, पण मनात उतरणार!

"फेकून राहिला का बे?" मी म्हटलं.

"तू फक्त बोल. बाकी मशीन पाहते."

दुसऱ्या दिवशी दारावर बोर्ड लागला, 'येथे मनोकामना गाण्यात भरून मिळेल.'

*

पहिला आला नागझिऱ्याचा गाईड रामलाल. "टूरिस्ट रोज माझ्यावरच चिडतात जी. वाघ दिसला पाहिजे, असं भरा."

"कोणाच्या मनात भरू? टूरिस्टच्या?"

"वाघाच्या!"

"अरे, पण जंगलात गाणं वाजवायला बंदी आहे ना?"

"मग गाणं काढून टाका! खालचं तर तसंही ऐकू येत नाही म्हणता!"

नुसती मुकी सीडी दिली. आठवड्यानं गडी परत हजर. "रानगवे लय आले जी. वाघासाठी आवाज थोडा वाढवून द्या!"

*

शेवंताबाईला नवऱ्याचा खर्रा सोडवायचा होता. त्याच्या आवडीच्या गाण्यांखाली मी चांगला दम देऊन बोललो, "तंबाखू सोड!"

बाई महिन्यानं आली ती भांडायलाच. "नवरा तसाच चघळून राहिला! सासूनं दाताले तंबाखूची गुडाखू घासणं सोडलं!"

"मग चांगलंच झालं की, बाई."

"कायचं चांगलं? तिचं तोंड रिकामं झालं न! आता दिवसभर मलेच बोलून राहिली. काढा ते!"

*

गोंदियाचे एक साडीवाले शेठजी. त्यांची मनोकामना, 'दुकान में जो आए, साड़ी लेकर ही जाए.' भरून दिली. दिवसभर दुकानात सीडी चालू.

काही दिवसांनी शेठजी तोंड पाडून आले. "भैया, बंद करो ये. गिराहक तो थोड़ी देर सुनता है, मैं दिनभर सुनता हूं! रोज शाम को मैं ही एक साड़ी लेकर घर जा रहा हूं!"

शेठाणीनं मात्र आम्हाला घरच्या जिलेबीचा डबा पाठवला.

*

गावाचं हे चाललं होतं, पण खुद्द भोजराजच्या घरी वेगळीच गंमत. गंमत कसली, दुःखच ते. त्याचे बाबा पक्के धानाचे शेतकरी. चोरखमारा तलावाच्या पाण्याची पाळी त्यांच्या धानाच्या बांधीवर आली, त्याच दिवशी हा पोरगा पाणी धरायचं सोडून मंडईच्या जत्रेत साउंड लावायला पळाला. पाणी गेलं शेजाऱ्याच्या बांधीत. बाबा म्हणाले, "आता भोंगेच पेर!" ते शेवटचं बोलणं.

नंतर सगळे निरोप आईमार्फत. दोघं जेवायला शेजारीशेजारी बसत, तरी बाबा म्हणत, "सांग त्याले, भात थंडा होऊन राहिला." हा म्हणे, "सांग त्याहिले, जेवूनच राहिलो." आई बिचारी जाम वैतागली होती.

"तूच बोल ना बे आधी," मी सांगून थकलो.

"काऊन? बंद त्यांनी केलं, सुरू त्यांनी करावं!"

पण आतून फार लागलं होतं त्याला. एक दिवस मला बाहेर काढून दार लावून घेतलं, आणि बाबांच्या पहाटेच्या भजनाखाली स्वतःच्या आवाजात भरलं, 'बाबा, एकदा बोला.' बाबा रोज ती सीडी ऐकत, डोलत आणि आईला म्हणत, "सांग त्याले, म्हैस सोड."

मग एका दुपारी बाबा खुद्द स्टुडिओत! भोजराज कॉम्प्युटरसमोर, दाराकडे पाठ करून. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी काढून बाकड्यावर बसले आणि मला म्हणाले, "तुमी मनातलं गाण्यात भरून देता म्हणे?"

"हाव जी, काका."

"मंग मायं भरा. 'माया पोरगा मायासंगं बोलला पाहिजे.'"

मी माइक हातात घेतला. मला रडूच येऊन राहिलं होतं. भोजराजचे हात कीबोर्डवर थांबले. मग मान न वळवता त्यानं विचारलं, "कोणत्या भजनात भरू, बाबा?"

बाबांनी टोपी घातली आणि उठले.

"राहू दे. सीडी नाही लागत आता. काम झालं!"