ढवळीच्या पोटावरचे केस

भिवराबाईची दिवसाची सुरुवात ठरलेली असे. सगळ्यांच्या आधी उठायचं आणि बंकट निघाला की नाहीसं व्हायचं.

बंकट तिचा धाकटा भाऊ. नांदूरघाटात राहून बैलांची दलाली करायचा, मोगलाईतला जवळपासचा एकही बाजार चुकवायचा नाही. दलाली म्हणजे नशिबाचा खेळ. म्हणून निघताना त्याला विधवा बाई आणि मांजर, दोन्ही समोर चालत नसत, आणि घरात दोन्ही होतं. भिवराबाई आपल्या हातानं ढवळी मांजरीला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकायची, वर दगड ठेवायची आणि स्वतः कोठीच्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायची. बंकटनं वेस ओलांडली की ती बाहेर यायची, कारण दळण तिच्यावाचून कोण करणार? डालगं मात्र दुपारपर्यंत उचलायचं नाही, असा भावजय केसरबाईचा दंडक होता. पानतंबाखूची चंची विसरून धनी परत आले तर?

नवरा गेल्यावर सासरहून येताना भिवराबाईनं पदरात हे एवढं पिल्लूच आणलं होतं. कुत्र्यांच्या भयानं तिनं त्याला कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. त्या ढवळीच्या पोटावरचे केस गेले, मग मांड्यांचे गेले.

"वन्सं, ही खरूज हाय," केसरबाई म्हणाली. तिच्या मांडीवर तान्हं होतं.

बंकटनं तोड काढली. "आक्का, लेकराला लागंल. गेवराईकडं जनावरं घेऊन जायचंय, तवा पोत्यात घालून तिकडंच सोडतो."

भिवराबाई औषधाला लागली. तिनं करंजाचं तेल चोळलं, ढवळीनं ते चाटून टाकलं. शेजारच्या चंद्रभागाबाईनं गंधक दिला, तोही फुकट गेला. सगळा प्रकार रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा चालला होता, पण ते कळायला जरा वेळ लागला.

थकलेल्या माणसाला बसायला मिळालं की एरवी न दिसणारं दिसतं. एका बैलानं बंकटच्या पायावर पाय दिला आणि तो घरीच पडून राहिला. बाजार नाही, म्हणून डालगंही कोपऱ्यात रिकामं पडलं. भिवराबाई ढवळीला उजेडात घेऊन बसली. कातडी स्वच्छ होती. खपली नाही, ऊ नाही. जीभ पोचत नाही त्या मानेवर केस दाट होते, जीभ पोचते तिथंच गेले होते. आणि बंकटचा पाय बरा होईतो पोटावर बारीक लव फुटली.

बंकट पुन्हा बाजाराला गेला त्या दिवशी तिनं केसरबाईची नजर चुकवून डालगं थोडं वर केलं. आत ढवळी पोट चाटत होती, थांबतच नव्हती. जिभेला केस चिकटले होते.

संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं, "खरूज न्हाई ती. कोंडलं की जीव घाबरा होतोय तिचा, मंग चाटत बसती."

बंकटला लगेच पटलं. नवा बैल दाव्याला मान घासून कशी सोलून घेतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो म्हणाला, "खरं हाय. मुक्या जनावराला कोंडणं वाईटच. पण मोकळी सोडली तर आडवी जाईल, त्याचं काय?"

"माझ्यासंगं राहू दे. मी असतेच की कोंडलेली."

असं बोलायचं तिच्या मनात नव्हतं, पण आता निघालंच होतं, तर भाऊ काय म्हणतो याची ती वाट बघत राहिली. बंकटच्या कपाळावरची आठी गेली.

"हां, ते बेस होईल," तो म्हणाला आणि बैलांना वैरण टाकायला उठला.

तेव्हापासून ढवळी कोठीच्या खोलीत तिच्या मांडीवर निजू लागली. चाटणं थांबलं. पोळ्यापर्यंत पोट केसांनी भरलं, पोत्याचं नाव निघालं नाही. भिवराबाईला आनंद झाला. वाईटही वाटलं, पण ते सांगायचं कुणाला?

बंकटला बहिणीचं फार कौतुक वाटे. बाजाराला निघताना गाडीवर सोबतीला कुणी असलं की तो दारात उभा राहून आवर्जून सांगायचा, "आमच्या आक्काला मुक्या जिवाचं दुखणं बरोबर कळतंय." आत दार लावून बसलेल्या आक्काला ते स्पष्ट ऐकू यायचं.