कोरडा कूलर

आमची मुलगी कूलरच्या आवाजात झोपायला शिकली. मार्चमध्ये तिचा जन्म झाला आणि एप्रिलच्या सुरुवातीला नवऱ्याने खोलीत पत्र्याचा कूलर बसवला. मागचा पत्रा थरथरायचा म्हणून त्याने जुन्या स्लिपरच्या रबराचा तुकडा कापून फटीत खोचला होता. नोएडातला तो सेक्टर तेव्हा नवा होता. आमच्या इमारतीपलीकडे आखलेले प्लॉट होते, त्यापुढे शेतं. दुपारी इतकं शांत असायचं की कूलर बंद झाला तर कान दुखल्यासारखं वाटे.

जूनमध्ये नवरा गेला. दिल्लीतल्या ऑफिसातून घरी आणणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये, खिडकीजवळच्या सीटवर, बसल्या जागी. त्याच्या शेजारी बसणारे गृहस्थ नंतर घरी आले होते. हात जोडून त्यांनी हिंदीत एकच गोष्ट तीनदा सांगितली. त्यांना वाटलं होतं की साहेबांना झोप लागली आहे. थांबा आला की उठवू. मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता, तो मला अजून आठवतो. त्या दिवसातलं बाकीचं फारसं आठवत नाही.

नगरहून सासूबाई आल्या आणि राहिल्याच. घरात आम्ही तिघी. सासूबाई किंवा मी, कुणी मोठ्याने रडल्याचं मला आठवत नाही. कुकर लावायचा, लंगोट धुवायचे, पाण्याची टाकी भरून घ्यायची, असं चालायचं. मुलीला मात्र झोप नव्हती. दुपारी दहा-पंधरा मिनिटं डोळा लागायचा, की रडत उठायची. आम्हाला वाटलं, आवाज कमी पडतो. ऑक्टोबर संपला तरी आम्ही कूलर काढला नाही. टाकीत पाणी भरणं बंद केलं, पंपाची वायर काढली, गार वारा अंगावर येऊ नये म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि नुसता पंखा चालू ठेवला. डिसेंबरात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई साखर मागायला आल्या, दारातच थबकल्या.

"भाभीजी, आप लोगों को गर्मी लगती है?"

सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असंच असतं." मराठीत. त्या बाई साखर घेऊन गेल्या.

जानेवारीत नवऱ्याच्या ऑफिसातून पत्र आलं. मला त्याच ऑफिसात अनुकंपा तत्त्वावर कारकुनाची जागा मिळाली होती आणि महिनाअखेरीस रुजू व्हायचं होतं. घरात दुसरं उत्पन्न नव्हतं, त्यामुळे जाऊ की नको हा प्रश्नच नव्हता. प्रश्न मुलीच्या दुपारचा होता. झोप झाली नाही की ती संध्याकाळपर्यंत किरकिर करायची, खायची नाही, आणि सासूबाईंचे गुडघे तिला दिवसभर कडेवर घेऊन फिरण्यासारखे राहिले नव्हते. सेक्टरमध्ये पाळणाघर नव्हतं. तीन आठवड्यांत तिला माझ्याशिवाय झोपायला यायला हवं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. वजन बरं होतं. त्यांनी हळू आवाजात, लिहून घेता येईल इतकं सावकाश सांगितलं. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने सगळं करा. जेवण, अंग पुसणं, पडदा, मग पाळणा. पेंगुळली की खाली ठेवा, पूर्ण झोपेपर्यंत मांडीवर धरू नका. कूलर एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा. आणि झोपेत बाळ हलतं, कुरकुरतं, ते जागं नसतं. उचललं की जागं होतं. मग त्यांनी सहज विचारलं की ती आपली आपण उठते, की कुणी उठवतं.

मी म्हटलं, आपली आपण उठते. शेजारी बसलेल्या सासूबाई पिशवीचे बंद आवळत राहिल्या.

मी खोटं बोलले होते. ती झोपली की मी दर थोड्या वेळाने पाळण्याशी जायची. कूलरच्या घरघरीत तिचा श्वास ऐकू येत नसे. अंगावर दुपटी असल्यामुळे छाती हलताना दिसत नसे. मग मी तिच्या गालाला बोट लावायची, नाही हलली तर पाय हलवायची. ती दचकून रडली की मी तिला उचलून घ्यायची. हे मी महिनोन्महिने करत होते आणि डोळे उघडे ठेवून स्वतःला सांगत होते की तिला झोपेची सवय नाही.

आम्ही क्रम धरला. कूलरचं बटण पहिल्या आठवड्यात तीनवरून दोनवर आणलं, दुसऱ्या आठवड्यात एकवर. ती खाली ठेवल्यावर थोडी कुरकुरून झोपू लागली. पण पाऊण तासाच्या आत उठायचीच, कारण मी उठवायची.

रुजू व्हायच्या चार दिवस आधी, दुपारी दोनच्या सुमारास, लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. खोली एकदम मोकळी झाली. मुलीने मान वळवली, ओठ हलवले. मी उठले आणि हात पुढे केला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "ऐक."

मी ऐकलं. नाकातून बारीक, किंचित चोंदलेला आवाज येत होता. आत, बाहेर. तो किती वेळ ऐकत उभी होते, सांगता येणार नाही.

"तू तिला का उठवतेस, मला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यात बोलले नाही. बाहेरच्यांपुढे कशाला." मग मनगट सोडून त्यांनी पाळण्याच्या कडेवर हात ठेवला. "या मेल्या कूलरपायी मला तुझाही श्वास ऐकू येत नाही गं."

त्या दिवशी मुलगी दीड तास झोपली. लाइट परत आली तेव्हा कूलर घरघरायच्या आत सासूबाईंनी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तो ओढत बाल्कनीत नेला. स्लिपरचा तुकडा मी काढून घेतला नाही. तो तिथेच बरा होता.

ऑफिसचा पहिला दिवस सह्या करण्यात आणि टेबल दाखवून घेण्यात गेला. येताना मी त्याच चार्टर्ड बसमध्ये बसले, दुसरी बस नव्हती. यमुनेचा पूल ओलांडेपर्यंत निम्मी बस पेंगत होती. माझ्या शेजारच्या बाईंची मान खिडकीला टेकली होती. इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांची शाल हलते का, ते मी बघत राहिले. शेवटी कोपराला हात लावला.

त्यांनी डोळे उघडले. मी विचारलं, आपका कौनसा सेक्टर? त्यांनी सांगितलं, अभी बहुत दूर है, आणि पुन्हा डोळे मिटले. रागावल्या नाहीत.

घरी सासूबाई मुलीला मऊ भात भरवत होत्या. मी चपला काढत विचारलं, झोपली का?

"झोपली. चांगली झोपली."

"मध्ये उठली नाही?"

सासूबाईंनी भाताचा घास कालवला, बोटाने तिच्या हनुवटीवरचं पुसलं.

"एकदा," त्या म्हणाल्या. "मीच उठवलं."

मी आत जाऊन चहा ठेवला.