चांदवडी रुपया आणि माझ्या हातचा चिखल

रुपया माझ्या पायाशी पडला. वाजला नाही, बद्दकन बसला. जुनी नाणी पारखणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी फेकला होता. नाशकातलं नाण्यांचं प्रदर्शन, हॉल भरलेला.

"खोटा आहे," ते म्हणाले. "ही माणसंच खोटी."

शेठ शेजारीच उभा. नाण्यांचा व्यापारी, आमचा माल घेणारा. त्यानंच मला बोलावलं होतं, नदीवरनं सरळ ये म्हणाला, गाळाच्या लुगड्यातच. रुपयाही त्यानंच माझ्या फडक्यात ठेवला. तुझ्याकडूनच घेतलेला आहे, तुझ्या हातानं दे म्हणाला. मी दिला. आता हात जोडून साहेबांना सांगत होता, "बाई अडाणी आहे. हिनं मलाही फसवलं."

मी वाकले, रुपया उचलला, कनवटीला खोचला, निघाले. वाकले ना, ते अजून सलतं.

आता माझा धंदा सांगते. गोदावरीचं पाणी उतरलं की आम्ही घाटाखालचा गाळ चाळतो. लोक नदीत पैसे टाकतात, पिढ्यान् पिढ्या टाकत आलेत. चाळणीत खिळे येतात, जोडवी येतात, नशीब असलं तर जुनं नाणं. आईही हेच करायची. तिच्याबरोबर मी या शेठच्या बापाच्या दुकानी जायचे. तो आमच्या हातातून नाणं घ्यायचा नाही. पायरीवर पाण्याची वाटी. त्यात टाकायचं, मग तो चिमट्यानं काढणार. मला वाटायचं, चिखल धुतात. म्हणून एकदा मी घरूनच नाणं घासून लख्ख करून नेलं.

तरी वाटी होतीच.

तर तो खोटा रुपया घरी आणला. माझ्याकडे एक खरा चांदवडी होता, लेकीसाठी ठेवलेला. चांदवडच्या टांकसाळीत पडायचे हे कधीकाळी. दोन्ही शेजारी ठेवले, रद्दीवाल्याकडून भिंग आणलं. मग काय, चैन पडेना. भाकरी तव्यावर करपायची आणि मी भिंग घेऊन दारात. खऱ्याची अक्षरं वरून झिजलेली, खोलात काळं धरलेलं. खोट्याचं काळं सगळीकडे सारखं, ओला अंगठा चोळला की निघतं. दगडावर टाकला की खरा वाजत राहतो. खोट्याच्या कडेवर कानस फिरवलेली, साच्याची रेघ लपवायला. आणि कडेजवळ एक बारीक खोच.

मग एक दिवस शेठ घरी आला. "मावशी," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा. झालं गेलं विसर म्हणाला, आणि ओट्यावर पिशवी ओतली. सगळे चांदवडी. घाटावर घेऊन बस, बाहेरगावची माणसं येतात.

मी एक उचलला. कडेजवळ खोच. दुसरा. तिथंच खोच. तिसराही तसाच. नदी दोन नाण्यांना एकाच जागी चावत नाही हो.

विचारलं, दुकानात काचेखाली ठेवून का विकत नाही?

"दुकानात लोक भिंग लावतात, मावशी. तुझ्या चिखलाच्या हातातून आलं की कोणी काही विचारत नाही."

अंग पेटलं माझं. बापाला आमचा हात लागलेलं धुऊन हवं होतं. लेकाला तोच हात चिखलासकट विकायचा होता. आणि पकडलं गेलं की खोटी मी.

घरातली वाटी आणली. पाणी भरलं. त्याच्यासमोर एकेक रुपया टाकत गेले. पाणी काळं झालं.

"काढा आणि न्या," म्हणाले. "माझा हात भाड्यानं मिळणार नाही."

बाजारात तुझं नाणं आता कोण घेतो बघतोच, असं म्हणून गेला. नाही घेणार कदाचित. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. गाळाशिवाय मला दुसरं काही येत नाही.

पण त्या ढिगातला एक रुपया मी मुठीत ठेवलाय. प्रदर्शन पुन्हा भरणार आहे. धुतलेलं लुगडं नेसून जाणार, हात साबणानं धुऊन. हा आणि तो पहिला, दोन्ही खोटे रुपये डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवणार, खोच दाखवणार, शेठचं नाव मोठ्यानं घेणार.

ते पुन्हा खाली फेकले, तर पडू देत. ज्यानं फेकले त्यानं वाकावं.